पुण्यात आलात तर काय चढायचं आणि काय खायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला येणारे पाहुणे, नोकरीसाठी नवीन आलेली मुलं, मुंबई-नाशिक-नागपूरहून वीकेंडला येणारे ग्रुप, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल: पुण्यात चढणं आणि खाणं वेगवेगळं प्लॅन करू नका. दोघांचं घड्याळ एकच आहे. पहाटे उठणाऱ्याला दोन्ही मिळतं आणि अकरा वाजता आंघोळ करून निघणाऱ्याला ना गड धड होतो ना नाश्ता.

१. शहरातच चढण्यासारखं काही आहे का, की सगळं लांब गाडी करूनच जावं लागतं?

शहरातच आहे, भरपूर आहे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणच्या टेकड्या, हे सगळं रिक्षा किंवा मेट्रोनं गाठता येतं. यातली वेताळ टेकडी सगळ्यात उंच आणि सगळ्यात मोठी, वर वेतोबाचं देऊळ आहे, जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय, सकाळी मोर ओरडताना ऐकू येतात आणि खाली बघितलं तर लॉ कॉलेज रोडची ट्रॅफिक. मेट्रोनं नळस्टॉपला उतरून लॉ कॉलेज रोडच्या बाजूनं चढता येतं, चतुःशृंगी आणि पाषाणकडूनही वाटा आहेत. इथून रस्ता आणि बोगदे काढायचे प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहेत आणि पुणेकर त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरलेत, तेव्हा बाहेरून आलेल्यानं पण ही टेकडी बघून जावी असं मला मनापासून वाटतं. गड म्हणाल तर सिंहगड सगळ्यात जवळ (प्रश्न ३), बाकीचे दिवसभराचे.

२. माझी ट्रेन दुपारची आहे, सकाळचे चार-पाच तासच आहेत, काय करू?

पर्वती करा. मेट्रोनं स्वारगेटला उतरा, तिथून चालत जाता येतं. १०३ पायऱ्या, त्याही रुंद आणि बुटक्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मधे वरचं देऊळ बांधलं आणि पानिपतानंतर १७६१ मधे ते पर्वतीवरच वारले. वरून अख्खं शहर दिसतं, सिंहगडाचा टॉवर पण हवा स्वच्छ असेल तर ओळखू येतो. उतरताना सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला जाऊन टिळक रोडला या, नाश्ता तिथंच होईल, आणि थोडा वेळ उरलाच तर मंडईत एक चक्कर टाका. सामान जास्त असेल तर पुणे स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवा, बॅगा घेऊन पर्वती चढू नका.

३. सिंहगडाला कसं जायचं? गाडी वरपर्यंत जाते म्हणे, मग चालायचं कशाला?

स्वारगेटवरून पीएमपीची बस सिंहगड पायथ्याला म्हणजे आतकरवाडीला जाते, साधारण तीसेक किलोमीटर अंतर आहे. तिथून पायवाट सुरू होते, सवय असेल तर एक तास, नसेल तर दीड, दम खात गेलात तरी दोन तासात पुणे दरवाजात पोचता. चढ सलग आहे, मधे सपाटी फारशी नाही, त्यामुळे पहिल्या वीस मिनिटातच घाई करून दमू नका, हळू सुरुवात करणारेच वर हसत पोचतात.

गाडी घाटातून वर जाते हे खरंय, वनखात्याचा टोल भरावा लागतो. पण रविवारी सकाळी आठनंतर त्या घाटात जी रांग लागते त्यात एवढा वेळ जातो की चालत गेलेला माणूस तोवर वर भजी खात बसलेला असतो. गुडघ्याचा त्रास असेल, बरोबर म्हातारं माणूस असेल तर गाडीनं जरूर जा, पण मग शनिवार-रविवार टाळा. गाडी नसेल आणि चालायचंही नसेल तर पायथ्यावरून शेअर जीप मिळतात, उतरताना पाय बोलायला लागले तर त्याच जीपनं खाली येता येतं. संध्याकाळनंतर घाटातून गाड्या वर सोडत नाहीत.

वर गेल्यावर लोक खाऊन परत फिरतात, तसं करू नका हो. १३१२ मीटर उंचीचा गड आहे, तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, ते जिथून चढले म्हणतात तो कडा, कल्याण दरवाजा, राजाराम महाराजांची समाधी, देवटाकं, टिळकांचा बंगला, हे नीट बघायला दोन तास लागतात. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र कड्याच्या टोकाला उभं राहून डोळ्यासमोर आणून बघा, अंधारात तो चढून आलेली माणसं कशी असतील.

४. गडावर खायला काय मिळतं आणि काय मागवायचं?

हा सगळ्यात आवडता प्रश्न. सिंहगडावर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. बसायला चटई किंवा बाक, समोर चुलीचा धूर.

मागवायचा क्रम सांगतो. आल्या आल्या ताक नाहीतर लिंबू सरबत, घाम वाळू द्या. मग कांदाभजी सांगा, पण समोर तळून घ्या, परातीत आधीच तळून ठेवलेली असतील तर थांबतो म्हणा, पाच मिनिटांचा प्रश्न असतो. मग गड फिरून या आणि मगच जेवण घ्या, कारण पिठलं-भाकरी खाऊन परत चालायची इच्छा होत नाही. भाकरी ज्वारीची, बाजरीची, तांदळाची असते, थंडीत बाजरीची मागा, तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. पिठलं पातळ असलं तर भाकरी कुस्करून खायची, घट्ट असलं तर तोडून. ठेचा आधी नखाएवढाच घ्या. शेवटी दही, ते छोट्या मडक्यात लावलेलं असतं, वरून साखर घालून देतात, नको असेल तर आधी सांगा.

हे विकणारे लोक पायथ्याच्या वाड्यांमधले आहेत, कितीतरी बाया सकाळी दह्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तोच चढ चढतात जो तुम्ही रिकाम्या हाती चढताना तीनदा थांबला होता. त्यामुळे तिथं दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि कॅश न्या, वर नेटवर्क गेलं की युपीआय गोल गोल फिरत बसतं आणि मावशी बिचाऱ्या तुमच्या तोंडाकडे बघत उभ्या.

५. घरून डबा नेला तर चालेल ना?

चालेल की. पण सिंहगडासारख्या ठिकाणी नाश्त्यापुरताच न्या, जेवण वर घ्या. राजगड, तोरणा, कात्रज-सिंहगड अशा लांबच्या ट्रेकला मात्र डबा हवाच. पोळीत भाजी गुंडाळून नेलेली सगळ्यात बरी, धपाटे किंवा दशम्या असतील तर त्याहून बऱ्या, दोन दिवस टिकतात. काकडी, गूळ, शेंगदाणे, खजूर खिशात. चिप्सची पाकिटं नकोत, पोट भरत नाही, तहान लागते आणि पाकीट वाऱ्यावर दरीत जातं. जे नेलं त्याचा सगळा कचरा, संत्र्याची सालं सुद्धा, परत खाली आणा.

६. पुण्याची मिसळ गोड असते असं ऐकलंय, खरंय का? कुठं खायची?

काही ठिकाणी गोडसर असते, सगळीकडे नाही. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ आहे ती गोडसर बाजूची, खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर रस्सा, शेव, कांदा आणि बरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड. तिखट न खाणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी इथूनच सुरुवात करावी. कर्वे रोडच्या बाजूला काटाकिर्रची मिसळ झणझणीत, तिथं किती तिखट हवं ते सांगता येतं. टिळक रोडला रामनाथ आहे, तिथं पण डोळ्यात पाणी येईल असा रस्सा. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन, आणि वैद्य उपाहार गृह १९१२ पासूनचं, तिथली मिसळ वेगळ्याच चवीची, लाल तर्री नाही, हिरव्या मिरचीच्या अंगाची.

वरचा जास्तीचा रस्सा हवा असेल तर इथं 'सॅम्पल' मागतात. रस्सा एकदम ओतून घेऊ नका, थोडा थोडा घ्या म्हणजे शेव कुरकुरीत राहते. कोल्हापूरकर आणि नाशिककर आले की हमखास तुलना सुरू होते, माझं म्हणणं इतकंच की पुण्यात पुण्याची खा. पण ट्रेकला निघताना मिसळ नको, तिखट आणि तेल पोटात घेऊन चढ चढला की छातीत जळजळतं. चढायच्या आधी काय खायचं ते पुढच्या उत्तरात.

७. पहाटे पाचला निघायचं असेल तर चहा-नाश्ता मिळतो का?

चहा मिळतो, अमृततुल्यवाले बरेच लवकर उघडतात, आलं-वेलदोड्याचा उकळून उकळून केलेला गोड चहा, अर्ध्या कपातच तरतरी येते. स्वारगेट आणि स्टेशनच्या आसपास पोह्याच्या गाड्या पण पहाटे लागतात. पोहे, उप्पीट किंवा दोन केळी, एवढंच खाऊन चढा. बाकी नावाजलेली ठिकाणं त्यानंतरच उघडतात, ती उतरल्यावर.

८. आम्ही ट्रेकहून दोन-अडीचला शहरात आलो आणि अर्धी ठिकाणं बंद! असं का?

कारण पेठांमधली बरीच जुनी उपाहारगृहं सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमाराला परत उघडतात. मिसळीचं तर बऱ्याच ठिकाणी दुपारपर्यंतच काम असतं, रस्सा संपला की शटर खाली. आठवड्याची सुट्टी पण प्रत्येकाची वेगळी. लोक याच्यावर चिडतात, मला स्वतःला ते पटतं, रोज तेवढंच ताजं करायचं आणि विकून घरी जायचं.

मग दोन वाजता काय? थाळी. टिळक रोडला बादशाही बोर्डिंग १९३२ पासून आहे, साधं घरगुती मराठी जेवण, आपटे रोडला श्रेयस आहे तिथं मसालेभात, अळूची भाजी, भरली वांगी असं सणाचं पान मिळतं. पण दुपारच्या जेवणाला पण शेवटची वेळ असते, निघायच्या आधी फोन करून विचारा. डेक्कनला गुडलक १९३५ पासूनचा इराणी कॅफे, बन मस्का आणि चहा, आणि फर्ग्युसन रोडला वैशालीत एसपीडीपी म्हणजे शेव पोटॅटो दही पुरी, ही दोन्ही दुपारी पण चालू असतात, फक्त रविवारी उभं राहायची तयारी ठेवा. आणि उन्हातून आला असाल तर मस्तानी: घट्ट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा, सदाशिव पेठेत सुजाता किंवा तुळशीबागेत कावरे. एप्रिल-मेमधे आंब्याचीच घ्या.

९. कुठल्या महिन्यात यावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालायला सगळ्यात छान, आणि त्यातही पाऊस नुकताच संपलेला असतो तो ऑक्टोबर, डोंगर हिरवे, वाटा कोरड्या, रानफुलं अजून टिकून. पण मी महिन्याचं उत्तर खाण्यावरून पण देतो कारण इथं दोन्ही एकमेकात गुंतलंय.

पावसाळ्यात खडकवासल्याला भाजलेलं कणीस आणि भजी, आणि पाऊस सरता सरता सासवडच्या बाजूला रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, ज्वारीची कोवळी कणसं शेकोटीत भाजून हातावर चोळून देतात, बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही, आणि त्यासाठी शहराबाहेरच्या शेतात जावं लागतं. हिवाळा संपता संपता पुरंदरचे अंजीर. त्या दिवसात मल्हारगड जोडून करा: स्वारगेट किंवा हडपसरहून बसनं सासवडच्या दिशेला, सोनोरी गावातून चढ, तासाभरात वर. मराठेशाहीत सगळ्यात शेवटी बांधलेला गड म्हणून तो ओळखला जातो, सरदार पानशांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला, छोटासा, सोपा आणि गर्दी कमी. येताना अंजीर घ्या, पण तिथंच खा, घरी नेईपर्यंत लगदा होतो.

एप्रिल-मेमधे ऊन कडक, सकाळी नऊच्या आत उतरायला लागा. पण त्याच दिवसात गडाच्या वाटेवर पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन मुलं बसतात, ते सोडू नका.

१०. पावसाळ्यात गडांवर बंदी असते का? आम्ही तर पावसातच येणार आहोत.

काही ठिकाणी, काही दिवस, हो. जोराच्या पावसाच्या अंदाजावर जिल्हा प्रशासन धबधबे, धरणं, काही गड इथं जमावबंदीचे आदेश काढतं आणि सिंहगडाच्या घाटात दरड आली की रस्ता बंद होतो. आदल्या दिवशी बातम्या बघूनच निघा आणि बंदी असेल तर मागच्या वाटेनं वगैरे जाऊ नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण पाण्यात वाहून दगावले, पाणी मिनिटांत वाढलं होतं. वाहत्या पाण्यात उभं राहून फोटो काढू नका, घोट्याएवढं असलं तरी.

चालू असेल तेव्हा सुद्धा पावसात रविवार टाळा. ढगात पायऱ्यांवर हजारो माणसं अडकलेली मी बघितली आहेत, तिथं पाय घसरला तर एकटा माणूस पडत नाही. मंगळवार-बुधवारी तोच गड तुमचा एकट्याचा असतो. बूट चांगल्या ग्रिपचे हवेत, शहरातली टेकडी सुद्धा लाल चिखलात घसरडी होते.

११. गाडी नाही, लोकल ट्रेननं कुठला गड होतो?

लोहगड. पुणे-लोणावळा लोकल पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगरहून पकडा आणि कामशेतच्या पुढे मळवलीला उतरा. तिथून एक्स्प्रेसवे पुलावरून ओलांडून भाजे गावात, वाटेत भाजे लेणी बघा, इसवीसनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकापासूनची, चैत्यगृहाच्या छताला अजून मूळ लाकडी फासळ्या आहेत. मग गायमुख खिंड, डावीकडे विसापूर आणि उजवीकडे लोहगड. लोहगडाला पायऱ्या आहेत, एकामागून एक दरवाजे, आणि शेवटी विंचूकाटा नावाची लांबच लांब माची. लेणी आणि गड दोन्हीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते, चढताना सांगून जा म्हणजे उतरेपर्यंत तयार असते. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा नाहीतर मळवलीच्या फलाटावर बसावं लागेल.

१२. बरोबर आई-बाबा (साठीच्या पुढचे) आणि सहा वर्षांची मुलगी आहे, जमेल का?

तळजाई आणि हनुमान टेकडी नक्की जमेल, पर्वती हळूहळू जमेल. सिंहगड गाडीनं वरपर्यंत, तिथून पायऱ्या आणि चढ-उतार आहेत पण थांबत थांबत होतं. सहा वर्षांची मुलं मल्हारगड आरामात करतात, खरंतर मोठ्यांपेक्षा आधी वर पोचतात. राजगड-तोरणा त्यांच्यासाठी नको. बाबांच्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं, काठी न्या आणि उतरताना वेळ धरा.

१३. मी एकटी मुलगी आहे, टेकडीवर जाणं सेफ आहे का?

सकाळी सहा ते साडेआठ, रोजचे चालणारे असतात तेव्हा, मुली एकट्या जातात आणि काही प्रॉब्लेम येत नाही. आजी-आजोबांचे ग्रुप इतके असतात की दोन दिवसांत तुम्हाला ओळखायला लागतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत मुख्य वाटेवर या. टेकड्यांवर आडबाजूला लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत, म्हणून अंधारात, भर दुपारी सुनसान वेळी, किंवा कानात हेडफोन घालून झाडीतल्या वाटांनी एकट्यानं जाऊ नका, हे मुलांना पण लागू आहे. मदत लागली तर ११२. लांबच्या गडांना ओळखीच्या ग्रुपबरोबरच जा.

१४. कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक करायचा आहे, पहिल्यांदाच ट्रेक करतोय, करू का?

पहिलाच असेल तर नको. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सुरू होतो आणि एकामागून एक तेरा-चौदा डोंगर चढत उतरत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागतो. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक चढानंतर उतार आणि परत चढ, दगड-माती सुटी, वाटेत पाणी नाही, दुकान नाही. पौर्णिमेच्या रात्री खूप लोक जातात, चांदण्यात तो अनुभव खरंच सुंदर आहे, पण त्याआधी सिंहगड दोन-तीनदा चढून झालेला असावा, बरोबर वाट माहीत असलेला माणूस असावा, प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च आणि किमान तीन लिटर पाणी असावं. पावसात तर नाहीच. पहाटे सिंहगडाच्या बाजूला उतरलात की पहिली बस कधी आहे ते बघून ठेवा आणि गरम पोहे आधी खा.

१५. गडावरच्या टाक्यांचं पाणी पिऊ का? आणि रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडेल का?

टाक्यांचं पाणी तसंच पिऊ नका, कितीही गार आणि स्वच्छ दिसलं तरी. खालून भरून न्या, माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन.

खाण्याचं म्हणाल तर समोर तळलेलं, समोर भाजलेलं, उकळतं, हे सहसा त्रास देत नाही. त्रास देतं ते कापून ठेवलेली फळं, पातळ चटण्या, बर्फाचे गोळे, आणि पावसाळ्यात पाणीपुरी. नुकतेच बाहेरून आला असाल तर पहिल्या दिवशी ठेचा आणि तर्री जपून. ताक मात्र कुठं विरजलेलं आहे ते बघून घ्या, वरून पाणी कुठलं घालतात ते पण विचारा, कोणी रागावत नाही.

१६. उपवास आहे / आम्ही कांदा-लसूण खात नाही, काही मिळेल का?

उपवासाला पुण्याइतकं सोपं शहर नाही. साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडे, उपवासाची मिसळ, थालीपीठ, वऱ्याचे तांदूळ, जवळजवळ प्रत्येक मराठी उपाहारगृहात. पण उपवासाच्या पोटी मोठा गड करू नका, खिचडी खाऊन टेकडी ठीक आहे.

कांदा-लसूण नसेल तर गडावर थोडं अवघड, पिठल्यात आणि ठेच्यात लसूण असतोच. बिनलसणाचं पिठलं आधी सांगितलं तर करून देतात. दही-भाकरी-गूळ हा नेहमी मिळणारा पर्याय, आणि तोही काही कमी नाही.

१७. मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आणि मैत्रिणीला गव्हाची.

शेंगदाण्यावाल्यांनी इथं खरंच सांभाळायला हवं, हे मी गंभीरपणे सांगतोय. दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत, खिचडीत, चटणीत, ठेच्यात, कुठंही असतं, दिसत नाही, आणि तळायला पण शेंगदाणा तेल वापरतात. 'दाणे आहेत का' एवढंच विचारू नका, 'कूट घातलंय का आणि तेल कुठलं' असं विचारा. गडावर चुलीजवळ एकच पळी सगळ्यात फिरते, ॲलर्जी तीव्र असेल तर तिथं स्वतःचा डबाच खा आणि औषध जवळ ठेवा, वर दवाखाना नाही.

गव्हाची अडचण असेल तर भाकरी उत्तम, ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ कशाचीही. पण थापताना वरून कणीक लावत नाहीत ना ते बघा, आणि हिंगाकडे लक्ष द्या, बाजारातल्या पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि तो पिठल्याच्या फोडणीत पडतो.

१८. नॉनव्हेजचं काय? गडावर चिकन करता येईल का?

गडावर नाही, तिथं देवळं आहेत, समाध्या आहेत, आणि दारू तर गुन्हाच आहे, कारवाई होते. पायथ्याच्या गावांत मात्र घरगुती जेवण फार सुंदर मिळतं. राजगडाला जाताना गुंजवण्यात किंवा तोरण्याला जाताना वेल्ह्यात सकाळी सांगून चढा, उतरेपर्यंत गावठी कोंबडीचा रस्सा, भाकरी आणि इंद्रायणी तांदळाचा भात तयार. किती माणसं, किती वाजता, हे नक्की सांगा आणि मग शब्द पाळा, तुमच्यासाठी कोंबडी कापलेली असते. शहरात कॅम्पात दोराबजी १८७८ पासूनचं, पारशी पद्धतीची बिर्याणी, आणि पेठांच्या बाजूला मटण खानावळी आहेतच.

१९. राजगड की तोरणा, एकच करायचाय?

पहिल्यांदा राजगड. रायगडाआधीची राजधानी, तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला, आणि जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमधला एक (लोहगड आणि शिवनेरी पण त्यात आहेत, सिंहगड नाही). गुंजवण्यातून चोरदरवाज्याची वाट खडी आहे, रेलिंग धरून चढावं लागतं, पाली दरवाज्याची वाट पायऱ्यांची आणि सोपी. तोरणा उंच, १४०३ मीटर, आणि दमवणारा, तो दुसऱ्या ट्रिपला ठेवा. मुक्कामाचे नियम बदलत असतात, गावात विचारल्याशिवाय तंबू घेऊन जाऊ नका.

२०. पुरंदरला गेलो तर गेटवरच अडवलं, असं का?

तिथं लष्कराचा ताबा आहे. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, वेळ ठरलेली असते, संध्याकाळी लवकर बाहेर काढतात आणि काही भागात जायला परवानगी नाही. सकाळीच जा. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ ला याच गडावर झाला, त्यामुळे त्या तारखेच्या आसपास गर्दी असते. खाणं सासवडला (प्रश्न ९).

२१. मधमाशा, माकडं, बिबट्या, यातलं खरं घाबरण्यासारखं काय?

मधमाशा. कड्यांना आग्या माश्यांची मोठी पोळी असतात, आणि उग्र परफ्यूम, सिगरेटचा धूर, दगड मारणं, ड्रोन, आरडाओरडा याने उठतात. उठल्या तर हात न हलवता, तोंड कपड्यानं झाकून लांब निघा. माकडांना खायला देऊ नका आणि हातात पिशवी दिसू देऊ नका, बस. बिबटे पुणे जिल्ह्यात आहेत पण दिवसा ग्रुपनं वाटेवर चालणाऱ्याच्या वाट्याला जात नाहीत, अंधारात झाडीत एकट्यानं जाऊ नका म्हणजे झालं.

२२. सगळं ठरवून आलो आणि रस्तेच बंद! हे कधी कधी होतं?

दोनदा तरी हमखास. आषाढी वारीच्या दिवसात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते त्या दिवशी घाट गाड्यांना बंद. त्या दिवशी मल्हारगडाचा प्लॅन सोडा आणि घाटाच्या कडेला उभं राहून पालखी बघा, कोणीतरी हातात चहा-पोहे आणून देतंच. दुसरं म्हणजे गणपती, शेवटच्या दिवशी पेठांमधे गाडी जाणं विसरा, मेट्रोनं मंडई किंवा कसब्याला उतरा तेही गर्दी झेपत असेल तर.

२३. घरी न्यायला काय घेऊ?

चितळ्यांची बाकरवडी टिकते, कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं पण टिकतात, ती सकाळी घ्या, दुपारी संपलेली असू शकतात. मावा केक दोन दिवसांत संपवा. पण माझं ऐकाल तर गडाच्या पायथ्याच्या गावातून नाचणीचं पीठ, इंद्रायणी तांदूळ किंवा हातसडीचे पोहे घ्या, चव वेगळीच असते आणि पैसे थेट त्या घरात जातात. सीताफळं न्यायची तर कडक घ्या, कागदात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा.